कापडण्याचं माहेर

सोमवार, १२ ऑगस्ट १९९१. पहाटे भुरभुर पाऊस, नऊनंतर ऊन. नळ सहा वीसला आला, पावणेसातला गेला. दुपारच्या टपालात कुसुमला लंकेहून पत्र. तिच्या आईच्या डोळ्यांत काचबिंदू. डावा डोळा गेला, उजवा वर्षभर टिकेल असं तिथले डॉक्टर म्हणतात. तोवर एकदा मुलीचं तोंड दिसावं, एवढीच इच्छा आहे. कुसुमने पत्र तीनदा वाचून घेतलं. निंबाला आज ताप नाही. मेथी निवडून ठेवली.

सुनंदाबाईंनी वही मिटली तरी कुसुम ओट्यावरच बसून होती. मांडीवर ते निळं हवाई पत्र. कुसुमला सिंहलीही वाचता येत नसे, म्हणून भाऊ मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिही आणि ती ते घरमालकिणीकडून वाचून घेई.

"अक्का, वर्षभर म्हणजे पुढच्या श्रावणापर्यंत ना?"

"डॉक्टरांचं वर्ष आहे ते. थोडं मागंपुढं व्हायचं."

"मग मी दिवाळीच्या आत जाऊन येते." ती पुन्हा म्हणाली, "जाऊन येते."

जाणं अवघड नव्हतं. सगळा प्रश्न 'येते'चा होता, आणि तो दोघींनाही ठाऊक होता.

जळगावात मेहरूणच्या तळ्याअलीकडे सुनंदाबाईंचं लहानसं बैठं घर. यजमान भुसावळला रेल्वेत होते. निवृत्त होऊन त्यांनी हे घर बांधलं आणि दोन पावसाळे बघून ते गेले. मागच्या दोन खोल्यांत लीलाधर पाटील भाड्याने राहायचा. पंपाच्या मोटारी वाइंडिंग करून द्यायचं त्याचं दुकान होतं. कुसुम ही त्याची बायको, आणि पाच वर्षांचा निंबा त्यांचा मुलगा.

सुनंदाबाई नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या. अकराव्या वर्षी सिस्टर बर्नाडेटने त्यांच्या हातात पहिली वही दिली तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या होत्या. घडलं तेच लिहायचं, आणि लिहिलेलं खोडायचं नाही. तेव्हापासून लग्न, बदल्या, यजमानांचं आजारपण, काहीही आड आलं तरी त्यांचा एकही दिवस कोरा गेला नव्हता. लोखंडी कपाटाचे खालचे दोन खण वह्यांनी भरले होते. कोणत्या साली तळं कधी भरलं, कोणाच्या घरी बारसं कधी झालं, गल्लीत काही वाद निघाला की माणसं सरळ अक्कांकडे येत. अक्का चष्मा लावून वही काढत आणि तारीख सांगत. त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

लीलाधर मूळचा धरणगावकडचा. घरी कापसाची शेती. एक्क्याऐंशी साली तो इलेक्ट्रिशियन म्हणून कुवेतला गेला, एका इस्पितळात लागला. तिथे लंकेच्या मुली आया म्हणून कामाला होत्या. त्यातली ही कुसुम. चौऱ्याऐंशीत तो परतला तो तिला घेऊनच. मग गावाने जी चेष्टा करायची ती केली. "रामानं लंकेतून सोडवून आणली होती, आपल्या लीलाधरनं पळवून आणली," असं पारावर दोन महिने चाललं. त्याची आई भिकुबाई आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिने सुनेला नाव विचारलं. कुसुम, हे ऐकून म्हणाली, "नाव ते आपलंच शे. मानूस कथानं का असेना."

लग्न रीतीप्रमाणे लावायचं ठरलं आणि मांडवात घोडं अडलं. भटजींनी विचारलं, कन्यादान कोण करणार? मुलीचा बाप समुद्रापलीकडे, तोही कधीच वारलेला. वरबाप लोटन आबा घसा खाकरून गप्प बसले. तेवढ्यात भिकुबाईचा भाऊ, धुळ्याजवळच्या कापडण्याचा, चार मुलग्यांचा बाप धनसिंग, फेटा सारखा करत पुढे आला.

"मी करस. माले चार पोऱ्या, पोर एक बी नही. आजपाईन ही मन्ही पोर शे."

त्याने आणि त्याच्या बायकोने, ताईबाईने, पाटावर बसून कन्यादान केलं, हातावर पाणी सोडलं. मांडवातल्या माणसांचे चेहरे एकदम मोकळे झाले. लंकेची परकी बाई आत आली होती, ती बाहेर पडली ती मामाची मुलगी होऊन. आणि मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, हे खानदेशात कोणाला शिकवावं लागत नाही. "आता कशी घरातल्या घरात सोयरीक झाली," असं म्हणत लोटन आबांनी त्या दिवशी दोनदा जिलबी घेतली.

हे सगळं सुनंदाबाईंना ताईबाईने नंतर सांगितलं होतं. त्यांनी ते त्या दिवशीच्या पानावर, 'ऐकीव' असा शेरा मारून, लिहून ठेवलं होतं.

दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाकीच्या सासुरवाशिणींसारखी कुसुमही माहेरी जाई. कापडण्याला कडुलिंबाच्या झाडाला झोका बांधलेला असे, मामा पुरणाच्या मांड्यांचा घाट घालायला लावी, आठ दिवसांनी ती नवं लुगडं नेसून परत येई. पहिल्या वर्षी तिला भाकरी थापता येत नव्हती. दुसऱ्या वर्षी ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापून अक्कांना आणून देऊ लागली. एवढंच की कधी बाजारात नारळ दिसला की ती हातात घेऊन जरा जास्त वेळ उभी राही.

सरकारदरबारी मात्र ती परदेशीच होती. पोलीस कचेरीतून तिला एक पुस्तिका मिळाली होती, तिच्यात तिचा फोटो, खाली शिक्का. दर वर्षी ती पुस्तिका आणि पासपोर्ट घेऊन जायचं, मुदत वाढवून आणायची. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत नियम होते. सुनंदाबाईंनी पहिल्याच वर्षी ते मोठ्याने वाचून, मराठीत समजावून दिले होते. त्यातला चौथा असा, की नोंदवलेला पत्ता आठ आठवड्यांहून जास्त सोडायचा तर आधी कळवायचं, आणि दुसऱ्या जिल्ह्यात राहायचं तर तिथेही नोंद करायची.

आणि तरीही शहाऐंशीत कोणाच्या ध्यानात आलं नाही. कुसुमला सातवा लागला तशी भिकुबाई म्हणाली, पहिलं बाळंतपण माहेरी. यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. धनसिंगमामा एस.टी.ने येऊन तिला घेऊन गेला. सुनंदाबाईंनी स्वतः डब्यात लाडू भरून दिले आणि संध्याकाळी लिहिलं, 'शुक्रवार, १४ फेब्रुवारी. कुसुम माहेरी गेली.' निंबा धुळ्यात जन्मला. ९ जूनला कुसुम बाळाला घेऊन आली, तेही लिहिलं. माहेरी जाणं म्हणजे पत्ता सोडणं, असं त्यांच्या डोक्यात आलं नाही. कोणत्याही बाईच्या आलं नसतं.

आता, पाच वर्षांनी, त्याच लिहिण्याचा उपयोग होणार होता. लीलाधर कचेरीत विचारून आला होता. बाईला जाऊन परत यायचं असेल तर निघण्याआधीच परतीची परवानगी हवी. ती न घेता गेली तर इथलं राहणं रद्द, मग तिकडून नव्याने अर्ज. आणि त्या वर्षी, मे महिन्यात लंकेतल्या तमिळ अतिरेक्यांनी माजी पंतप्रधानांची हत्या केली त्यानंतर, लंकेच्या माणसाला नव्याने आत येणं म्हणजे दिव्यच होतं. लंकेत सिंहली वेगळे, तमिळ वेगळे, हे जळगावात कोण समजून घेणार? निंबाला बरोबर नेण्याचा प्रश्न नव्हता. त्याला पासपोर्ट नव्हता, आणि असता तरी भिकुबाईने नातवाला सोडलं नसतं. ती सरळ म्हणाली होती, "एकदाव लंकाम्हा गयी ते परत लयाले पूल बांधना पडी." सगळे हसले होते. कुसुमही हसली होती, पण सुनंदाबाईंनी पाहिलं, तिने निंबाचा हात घट्ट धरला होता.

फॉर्म चार पानी होता. सुनंदाबाईंनी जेवणाच्या टेबलावर वह्या मांडून तो भरायला घेतला. तिसऱ्या पानावर भारतात आल्यापासूनचे सगळे पत्ते, तारखांसह.

"इथे कापडणं लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "बाळंतपणाचे चार महिने."

कुसुमने मान पुढे करून पाहिलं. तिला इंग्रजी अक्षरं थोडी लागायची. "क, प, ड... माझं माहेर सरकारी कागदावर येणार?"

"हो."

"मग लिहा ना अक्का. छान अक्षरात लिहा." आणि ती इतकी खुश झाली की स्वयंपाकघरात जाऊन चहाच टाकला.

त्या आठवड्यात तिने पत्र्याची पेटी काढली. आईसाठी तळाशी एक हिरवं लुगडं, वर उडदाचे पापड, आणि उन्हाळ्यात घातलेल्या, पापडासारख्या ज्वारीच्या बिबड्या. "तिकडे तांदळाचं सगळं असतं," ती सांगत होती. "आईला म्हणणार, ही बघ, मी काय खाते ते."

सोमवारी दोघी कचेरीत गेल्या. निंबाला तहान लागली म्हणून कुसुम त्याला घेऊन अंगणातल्या नळाशी गेली आणि सुनंदाबाई एकट्याच खिडकीशी उभ्या राहिल्या. कारकून तिशी-पस्तिशीचा, पान खाल्लेला, वागायला वाईट नव्हता. पानं उलटता उलटता तिसऱ्यावर थांबला.

"आजी, हे चार महिने धुळे जिल्ह्यात? तिथं नोंद केली होती?"

"नाही. बाळंतपणाला गेली होती."

"इथं कळवलं होतं?"

"नाही."

"मग ही ओळ लिहिली कशाला?" त्याने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, मी कागद अजून आवक केलेला नाही. कोरा फॉर्म देतो. मेहरूण, मेहरूण, मेहरूण लिहा आणि मोकळ्या व्हा. वरचे साहेब सध्या लंका म्हटलं की कागद दोनदा वाचतात."

"पण ती गेली होती. माझ्याकडे तारखा आहेत."

"तारखा देवाकडे पण असतात आजी. तो काही फॉर्म भरत नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. सुनंदाबाईंची कानशिलं तापली. साठ वर्षांत त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांना त्या क्षणी कुसुम दिसत नव्हती, तिची आई दिसत नव्हती. त्यांना फक्त त्या रांगेसमोर ताठ उभं राहायचं होतं.

"मी खोटं लिहीत नाही," त्या म्हणाल्या.

"बरं तर." त्याने शिक्का उचलला आणि मारला.

कुसुम निंबाचं तोंड पदराने पुसत आली. "झालं का अक्का?"

"झालं. आवक झालं."

त्या संध्याकाळी वहीत एवढंच होतं: 'कचेरीत अर्ज दिला. गर्दी बेताची. निंबाला नवीन चप्पल घ्यायला हवी.' कोऱ्या फॉर्मबद्दल एक अक्षर नाही. खोटं काही लिहिलं नव्हतं. पण वही मिटताना पहिल्यांदाच सुनंदाबाईंना वाटलं, की पान पुरतं भरलेलं नाही.

नवव्या दिवशी एक पोलीस घरी आला. पासपोर्ट आणि पुस्तिका चौकशीसाठी जमा करायला सांगितली, पोचपावती दिली. चौकशी पुरी होईपर्यंत बाईने जिल्ह्याबाहेर जायचं नाही, असं वर बजावलं.

"जिल्ह्याबाहेर म्हणजे कापडण्याला पण नाही?" कुसुमने विचारलं.

"धुळे जिल्हा आहे ना तो? मग नाही."

तेव्हापासून दर गुरुवारी तो यायचा. पाणी मागायचा, बाई घरात आहे हे बघायचा, एका वहीत तिची सही घ्यायचा. माणूस सभ्य होता, उंबऱ्याबाहेरच उभा राही. पण त्याची सायकल फाटकाशी दिसली की समोरच्या ओट्यावरच्या बायका पोळपाट घेऊन बाहेर येत. "लंकावालीनी हजेरी उनी," असं एकीने म्हटलेलं सुनंदाबाईंनी ऐकलं. कुसुमने गुरुवारी बाजारात जाणं सोडलं. मग हळूहळू बाकीच्या दिवशीही सोडलं. आपण बाहेर असताना तो आला तर, अशी धास्ती. पेटी बाजेशेजारी तशीच भरलेली होती. निंबा तिच्यावर बसून दप्तर भरायचा.

सप्टेंबरात कागद धुळ्याला गेले, आणि एक जमादार कापडण्याला धनसिंगमामाचा जबाब घ्यायला पोचला. मामाने त्याला खाटेवर बसवलं, चहा पाजला, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला छाती पुढे काढून उत्तर दिलं. ही बाई तुमची कोण? मन्ही पोर. नोंद का केली नाही? पोर माहेरी येस ते पोलीसले काबर सांगू? तुमना घर सांगतस का? जमादाराने मामा बोलेल तसं लिहून घेतलं. 'परदेशी महिलेशी नाते: वडील.' खाली मामाचा अंगठा.

लीलाधर आणि सुनंदाबाई पुन्हा खिडकीशी उभे राहिले तेव्हा कारकुनाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"पासपोर्टात बाप पुंचीबंडा. जबाबात बाप धनसिंग. आता साहेब विचारतात, ही बाई नक्की कोण? आधी नुसती नोंद राहिली होती. आता ओळखीचाच प्रश्न झाला."

"कन्यादान केलं त्यांनी," लीलाधर म्हणाला. "मानलेली मुलगी."

"मला कळतं हो पाटील. माझ्या लग्नात पण मानलेली करवली होती. कागदाला कसं कळणार? एक करा. त्यांना इथं आणा. ही माझी मुलगी नाही, भाच्याची बायको आहे, पाहुणी म्हणून आली होती, एवढं लिहून द्यायला सांगा."

मामा आणि ताईबाई ऑक्टोबरात आले. पहिली एस.टी. धरून, धुऊन ठेवलेलं धोतर नेसून. कचेरीच्या व्हरांड्यात लीलाधरने मजकूर वाचून दाखवला. मामा ऐकत राहिला. मग कुसुमकडे न बघता म्हणाला, "देवबामनसमोर पानी सोडेल शे मी. ते या कागदवरथुन कसं पुसाई?"

"पुसणार नाही मामा," लीलाधर म्हणाला. "नुसता कागद आहे. तिला आईला भेटायचंय."

"हां. माय ते माय शे." त्याने अंगठा शाईत बुडवला. कारकुनाने जागा दाखवली. अंगठा उठला तरी मामाचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला, कोणीतरी आणखी काही सांगेल म्हणून.

कुसुम एका खांबाला टेकून उभी होती. ताईबाई तिच्याकडे गेली. पिशवीतून तिने खण काढला, तांदूळ, हळकुंड, एक नारळ. तो नारळ तिने धुळ्याच्या बाजारात मुद्दाम शोधून आणला होता. तिथेच, साहेबाच्या खोलीच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्या शिपायांच्या देखत तिने कुसुमची ओटी भरली.

"पोरले रिकामी कशी धाडू व माय?" ती म्हणाली.

शिपाई बाजूने वाट काढून गेले. सुनंदाबाईंनी चष्मा काढून पुसला. आत टेबलावर मामाने नुकतंच लिहून दिलं होतं, की ही आपली कोणी नव्हे.

दिवाळी आली. भाऊबिजेला कापडण्याला जायचं नव्हतं, लंकेला जायचं नव्हतं. मामाचा थोरला मुलगा स्वतः येऊन ओवाळून घेऊन गेला. दर महिन्याला निळं पत्र येई. भावाने लिहिलं, आता आईला उजव्या डोळ्याने भांडं दिसतं पण त्यातलं पाणी दिसत नाही. डिसेंबरात लिहिलं, ती रोज संध्याकाळी दाराशी बसते, कुठल्याही बाईचं पाऊल वाजलं की तोंड वर करते. ही पत्रं सुनंदाबाईंनाच वाचायची असत. त्या एकेक ओळ मराठीत सांगत आणि प्रत्येक ओळीला त्यांना तो शिक्क्याचा आवाज आठवे. सांगावं का? कितीदा जिभेवर आलं. पण सांगितल्यावर कुसुम पुढचं पत्र कोणाकडे नेणार, असं म्हणून त्या स्वतःलाच गप्प करत. खरं तर तिने आपल्याकडे बघणं सोडलं तर, ही भीती होती.

शुक्रवारी, २४ जानेवारी १९९२ ला कागद आला. दुपारची वेळ, लीलाधर दुकानात. सुनंदाबाईंनी ओट्यावर बसून वाचला. चौकशी बंद झाली होती. पासपोर्ट परत नेता येईल. अर्जदारास देश सोडून जाण्यास हरकत नाही. परतीच्या परवानगीचा अर्ज मात्र, नोंदींमधली विसंगती पाहता, मान्य करता येत नाही.

"म्हणजे?" कुसुमने विचारलं.

"म्हणजे जाता येईल."

"आणि?"

सुनंदाबाईंनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "एवढंच. जाता येईल."

कुसुमने फाटकाकडे पाहिलं. शाळा सुटायची वेळ झाली होती. मग ती उठून आत गेली आणि एक कोरं हवाई पत्र घेऊन आली.

"लिहा अक्का. भावाला लिहा, की कापसाची वेचणी चालली आहे, माणसं मिळत नाहीत. वेचणी झाली की मी येते. निंबाला पण आणते. आईला म्हणावं, डोळा जपून वापर."

सुनंदाबाईंनी पेन उघडलं. वेचणी केव्हाच संपली होती, कापसाच्या वाळक्या पळाट्या पण उपटून झाल्या होत्या. त्यांनी लिहिलं. सबंध पत्र लिहिलं, न अडता, चांगल्या वळणदार अक्षरात. पत्ता लिहिताना मात्र त्यांचा हात थांबला.

"कुसुम, मला तुला एक सांगायचंय. त्या दिवशी खिडकीत तो कारकून मला कोरा फॉर्म देत होता. कापडणं वगळून भरा म्हणाला. मी घेतला नाही."

कुसुमने पत्राला लावायचा डिंक बोटावर घेतला होता. ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच आठवड्यात कारकुनाने यांना सांगितलं. हे खूप चिडले होते. खोल्या सोडू म्हणाले. मी नाही म्हटलं."

"मग मला बोलली का नाहीस? पाच महिने?"

कुसुमने पत्राच्या कडा नीट जुळवल्या, अंगठ्याने दाबत नेल्या. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सुनंदाबाईंना बरं वाटलं असतं.

"तुमच्याशी भांडून मी कोणाकडे जाऊ अक्का? दर महिन्याला पत्र येतं. या गल्लीत इंग्रजी वाचणारं दुसरं कोण आहे?"

इतके दिवस आपण तिच्यासाठी गप्प आहोत असं सुनंदाबाईंना वाटत होतं. गप्प ती होती. जेवणखाण, हसणं, भाकरीचा वाटा आणून देणं, सगळं तिने त्या गप्पपणाच्या आत बसून केलं होतं. तिला आणखी एक दार बंद होऊ द्यायचं नव्हतं.

"आणि खरं सांगू?" कुसुम उठता उठता म्हणाली. "तो फॉर्म भरताना मीच म्हटलं होतं, छान अक्षरात लिहा म्हणून."

निंबा आला, दप्तर टाकून पेटीवर बसायला गेला. पेटी बाजेशेजारी नव्हती. ती मधोमध उघडी होती. कुसुमने लुगडं झटकून दांडीवर टाकलं, उडदाचे पापड सासूसाठी वेगळे बांधले. बिबड्या ती घराघरात वाटत गेली, समोरच्या ओट्यावरसुद्धा. शेवटी ताट घेऊन अक्कांकडे आली, ताट रिकामं करून घेऊन गेली. जाताना म्हणाली, "उन्हाळ्यात नवीन घालू. तुमच्या गच्चीवर ऊन चांगलं लागतं."

दिवे लागल्यावर सुनंदाबाईंनी वही उघडली. १९ ऑगस्टच्या पानावर जाऊन राहिलेलं लिहावं, असं त्यांच्या मनात आलं. पान काढलंही. खाली दोन बोटं जागा होती. त्या बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिल्या. मग पान उलटून आजच्या तारखेवर आल्या. हवा लिहिली, नळाची वेळ लिहिली, आणि शेवटी लिहिलं:

'कुसुमकडून ज्वारीच्या बिबड्या आल्या, बावीस. दोन मोडक्या. पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. झाकण सैल झालं आहे, म्हणून वरून फडकं बांधलं.'